लाळग्रंथीच्या दुर्बिणीला जाताना आधी सीडी पिशवीत टाका

लाळेच्या नळीत अडकलेला खडा दुर्बिणीने काढायला जाताना सगळ्यात आधी सीटी स्कॅनची सीडी. फिल्म दिली असेल तर तीही. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही. गेल्या वेळी आईला घेऊन सकाळी नाशिकरोडहून निघाले, गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात पोचलो आणि सर्जननी पहिलं विचारलं, "सीडी कुठंय?" ती घरी, टीव्हीखालच्या कप्प्यात. मी परत फिरले, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले, येईपर्यंत ऑपरेशन थिएटर दुसऱ्या पेशंटला गेलं होतं. आई रात्रीपासून उपाशी. मग नवी तारीख मिळेपर्यंत रोज तेच: भाकरीचा पहिला घास तोंडात गेला की जबड्याखाली बोराएवढी गाठ वर यायची, अर्ध्यापाऊण तासाने ओसरायची. लोणचं तर तिने ताटात घेणंच सोडलं.

सीडी लागतेच, कारण ही दुर्बीण जेमतेम 1 ते दीड मिलिमीटर जाड. ती जिभेखालच्या लाळेच्या नळीच्या तोंडातून आत जाते. खडा साधारण 4 मिलिमीटरपर्यंतचा आणि नळीत हलता असेल तर तारेच्या बारीक जाळीत धरून काढता येतो. मोठा किंवा मागे ग्रंथीपाशी रुतलेला असेल तर लेसरने फोडायचा, नाहीतर तोंडाच्या आतून छेद घ्यायचा. खडा नेमका कुठे बसलाय ते सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. आदल्या दिवशी सीडी कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली नाही तर स्कॅन सेंटरमधून त्याच दिवशी दुसरी घ्या.

रोजच्या गोळ्या पाकिटांसकट न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आठवडाभर आधीच सांगा, आणि कुणाचं ऐकून स्वतःच बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनाच आपसात बोलू द्या.

ताप आला, गाठ लाल होऊन ठणकायला लागली, तोंडात पू आल्यासारखं वाटलं, तर आदल्या दिवशीच फोन करा. तारीख जाईल म्हणून लपवू नका. सुजलेली नळी नाजूक असते, फाटू शकते. आधी अँटिबायोटिक, दुर्बीण नंतर.

पूर्ण भूल असेल तर 6 तास आधीपासून खाणं बंद. "घोटभर चहाने काय होतंय" म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. चहात दूध असतं, आणि दूध खाण्यातच धरतात. साधं पाणी कधीपर्यंत, ते भूलतज्ज्ञांना विचारा.

कवळी काढून डबीत. आधार, विम्याचे कागद. सीडी घेतली ना?

नंतर गाल किंवा जबडा फुगलेला दिसतो, कारण आत सलाईन सोडलेलं असतं. एक-दोन दिवसांत उतरतं. पाणी भरपूर, ग्रंथीची मालिश दाखवतील तशी. ताप, वाढती सूज किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल.

डिस्चार्जच्या वेळी सीडी मागून घ्या, ती थिएटरमध्येच राहून जाते.