ड्रम किट घेताना या चुका टाळा: पैसे आधी सिम्बलवर, शेल शेवटी

विदर्भाच्या खेड्यात ड्रमरला कामाची कमी नाही. दिवाळी सरली की पूर्वेकडे मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं सुरू होतात. १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम, मग लग्नसराईचे ऑर्केस्ट्रा, पावसाळ्यात गणपती आणि त्यापाठोपाठ शारदा-दुर्गा. शिकायला लागून वर्ष-दोन वर्षं झालेली मुलं याच कामांतून चार पैसे जमवतात आणि नागपूर-अमरावतीहून किट घेऊन येतात. घोळ होतो तो तिथेच, कारण पैसा जातो चमकदार शेलवर, म्हणजे ड्रमच्या पोकळ पिंपावर, आणि सिम्बल, म्हणजे काठीने वाजवायच्या धातूच्या थाळ्या, येतात किटसोबत फुकट मिळालेले.

ड्रमचा आवाज नंतरही सुधारता येतो. चांगली स्किन (ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा) चढवली, नीट ट्यून केलं, तर साध्या पॉप्लर लाकडाचा ड्रमसुद्धा स्टेजवर शोभतो. सिम्बलला मात्र ट्यूनिंगच नसतं. दुकानात तो जसा वाजला, तसाच तो शेवटपर्यंत वाजणार. म्हणून आमच्या मते शंभरातले चाळीस रुपये सिम्बलला, वीस स्नेअरला (खाली तारा लावलेल्या ड्रमला), वीस पेडल, स्टूल आणि स्टँडना, आणि उरलेले वीस बाकीच्या ड्रमना द्यावेत. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि टॉम (हाताने वाजवायचे बाकीचे ड्रम) जुने घेतले तरी बिघडत नाही.

पीस मोजून किट घेणं

सात-आठ पीसचा स्वस्त किट फोटोत भारी दिसतो. त्याच किमतीचा पाच पीसचा किट घेतला, तर प्रत्येक भागावर जास्त पैसा खर्च झालेला असतो. जाड पायांचे स्टँड, घट्ट बसणारे मेमरी लॉक (लावलेली उंची पक्की धरणारी कडी), न घसरणारे टॉम होल्डर. नवख्याला एक किक, एक स्नेअर, दोन टॉम आणि एक फ्लोअर टॉम पुरतात. खरं तर एक टॉम कमी असला तरी काम अडत नाही.

मापाचा विचार वाहतुकीपासून करा. २२ इंची किक छोटा हत्तीत सहज जाते, पण एका मोटारसायकलवर दोघं जाणार असतील तर १८ किंवा २० इंचीच बरी. झाडीपट्टीत वादकांना बसायला जागा तशीही थोडीच मिळते. टॉम १० आणि १२ इंची, फ्लोअर टॉम १४ इंची, स्नेअर १४ बाय साडेपाच इंच, हा संच बहुतेक कामांना चालतो. उघड्या मैदानात वाजवणं जास्त असेल तर स्नेअर स्टीलची घ्या. ती लाकडी स्नेअरपेक्षा कडक वाजते आणि गर्दीतून कापत जाते.

जुना किट घेताना स्किन काढून आत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. शेलचा व्यास दोन दिशांनी मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर शेल वाकडं झालं आहे, ते नीट ट्यून होणार नाही. मग शेल कडप्प्याच्या सपाट ओट्यावर पालथं ठेवून आत मोबाइलचा टॉर्च लावा. कडेखालून उजेड फटीतून बाहेर येत असेल, तर स्किन टेकते ती कड खराब आहे.

नाव पाहून सिम्बल घेणं

झिल्जन, सेबियन, पाइस्ते, माइनल ही नावं वाचली की माल चांगलाच, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. या कंपन्या शिकाऊंसाठीही सिम्बल करतात आणि नामवंत वादकांसाठीही. शिक्का एकच, धातू वेगळा. झिल्जनची प्लॅनेट झेड, सेबियनची एसबीआर, माइनलची एचसीएस या मालिका पितळेच्या, म्हणजे तांबं आणि जस्त. झिल्जनची ए, सेबियनची एए, माइनलची बायझान्स या बी-२० काशाच्या, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. मधला प्रकार बी-८ चा, त्यात कथील ८ टक्के. सेबियनची बी-८-एक्स त्यातली.

पितळेचा सिम्बल काठीखाली थाळीसारखा वाजतो आणि आवाज लवकर मरतो. बी-८ चा आवाज उजळ, सरळ आणि टोकदार. बी-२० मध्ये स्वरांचे थर जास्त, हळू वाजवला तरी तो बोलतो. पण बी-८ म्हणजे हलकाच माल, असं समजू नका. पाइस्तेची १९७१ पासूनची २००२ ही मालिका बी-८ जातीच्याच काशाची आहे आणि मोठमोठ्या स्टेजवर वाजते. धातूइतकंच महत्त्व घडाईला, म्हणजे हातोडीचे ठोके किती आणि खराद कशी फिरवली, याला आहे.

पूर्ण पितळी सेट घेण्यापेक्षा सिम्बल एकेक करून घ्या. आधी १४ इंची हाय-हॅट, म्हणजे पायाने उघड-बंद होणारी सिम्बलची जोडी, कारण गाण्यात सर्वांत जास्त ठोके तिच्यावरच पडतात. मग २० इंची मध्यम जाडीची राईड (सलग ठेका धरायचा सिम्बल), जिच्या मधल्या घुमटावर ठोका मारला की स्वच्छ टण् येतो. त्यानंतर १६ इंची क्रॅश (जोर दाखवायचा सिम्बल), पुढे १८ इंची. स्प्लॅश आणि चायना हे खास आवाजाचे सिम्बल पुढच्या वर्षी घेतले तरी चालतं.

दुकान लहान असतं आणि भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे तिथे प्रत्येक सिम्बल दणदणीत वाटतो. मैदानात भिंती नसतात. फार पातळ, गडद आवाजाची क्रॅश तिथे स्पीकरच्या गोंगाटात हरवते. उलट समाजमंदिरात किंवा टिनाच्या शेडमध्ये जाड, उजळ सिम्बल गायकाला खाऊन टाकतो. तुमचं काम जिथे जास्त, त्याप्रमाणे निवड करा. दोन्हीकडे वाजवायचं असेल तर मध्यम-पातळ क्रॅश घ्या. दुकानात सिम्बल ऐकताना आपल्याच काठ्या न्या, आधी हळू वाजवा, मग जोरात, आणि दहा-पंधरा पावलांवर उभं राहून दुसऱ्याला वाजवायला सांगून ऐका.

जुन्या सिम्बलची कड नखाने पूर्ण फिरून तपासा. नख अडकलं की तिथे बारीक तडा असू शकतो. मधलं भोक गोल आहे का पाहा. एका बाजूला खाच पडली असेल तर आधीच्या मालकाने सिम्बल कोरड्या लोखंडावर वाजवला आहे. शेवटी सिम्बल बोटावर टांगून कडेभोवती सगळीकडे हलके टकटक करा. कुठेही आवाज फाटका किंवा अचानक बंद झाला, तर तो सिम्बल परत द्या.

विंग नट गच्च पिळणं

सिम्बल फुटतात ते बहुतेक चार कारणांनी. विंग नट, म्हणजे स्टँडवर सिम्बल अडकवणारा पंखांचा नट, घट्ट आवळलेला असल्याने सिम्बलला डुलता येत नाही आणि ठोक्याचा सगळा ताण एकाच जागी बसतो. खालची-वरची फेल्ट (जाड लोकरी चकती) झिजून गेलेली असते. स्टँडच्या रॉडवरची प्लास्टिकची नळी हरवलेली असते, त्यामुळे आटे भोकाला कापतात. आणि काठी कडेवर सरळ खाली हाणली जाते. ठोका तिरपा, घसटून जाणारा असावा; काठी सिम्बलमधून आरपार न्यायची नसते.

नळी हरवली तर हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची प्लास्टिकची नळी घ्या आणि चार सेंटिमीटरचा तुकडा कापून रॉडवर चढवा. नट इतकाच फिरवा की सिम्बल हाताने हलवला तर मोकळा डोलेल. सिम्बल थोडा स्वतःकडे कलता ठेवा. आडवा सपाट आणि खांद्याइतका उंच सिम्बल छान दिसतो, पण काठी त्याच्या कडेवरच आदळते.

तडा गेलाच, तर त्याच्या शेवटच्या टोकावर ३ मिलिमीटरचं भोक पाडा, ड्रिल हळू चालवा आणि धातू तापू देऊ नका. तडा तिथे थांबण्याची शक्यता वाढते. आवाज मात्र पहिल्यासारखा राहत नाही.

हाय-हॅट बंद करताना ‘चिक्’ऐवजी ‘थुप्’ असा आवाज येतो, याचं कारण दोन पात्यांमध्ये, म्हणजे जोडीतल्या दोन सिम्बलमध्ये, अडकलेली हवा. खालच्या पात्याच्या बैठकीला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवून खालचं पातं किंचित तिरपं करा, हवा बाजूने निघून जाते. दोन पात्यांत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा. बहुतेक जोड्यांत जड पातं खाली असतं. वर-खाली उलटं लागलं असेल तरी आवाज बसत नाही.

एका बाजूने रॉड आवळत जाणं

ट्यूनिंगची तक्रार घेऊन येणाऱ्या किटमध्ये बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं: स्किन ताणणारे रॉड एका बाजूने आवळत गेलेले असतात. योग्य पद्धत अशी. जुनी स्किन काढा, कड कोरड्या कापडाने पुसा, रॉडच्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. नवी स्किन आणि रिंग (स्किन दाबून धरणारं कडं) बसवून सगळे रॉड फक्त बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. मग चावीने अर्धा-अर्धा फेरा, आणि प्रत्येक वेळी समोरासमोरचा रॉड. मधोमध तळहाताने दाबून सुरकुत्या जाईपर्यंत हे चालू ठेवा. शेवटी प्रत्येक रॉडपासून एक इंच आत काठीने हलके वाजवा आणि सगळीकडे एकच स्वर येईपर्यंत पाव-पाव फेऱ्याने जुळवा. खालच्या स्किनलाही हेच करायचं असतं. बरेच जण तिला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत आणि टॉम बदबद वाजतो म्हणून वरचीच आवळत बसतात.

स्किन मागवताना मोजमाप शेलचं द्या. रिंगसकट मोजलं तर आकडा मोठा येतो आणि चुकीची स्किन घरी येते. वरून वाजवायची एकपदरी स्किन साधारण १० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची असते, ती मोकळी आणि लांब वाजते. दुपदरी, म्हणजे ७ अधिक ७ मिल, आवाज थोडा आखूड करते पण जोरदार हाताला जास्त टिकते. ऑर्केस्ट्राच्या टॉमना हीच बरी. स्नेअरच्या खालची स्किन फक्त ३ मिलच्या आसपास पातळ असते. तिथे वरची जाड स्किन लावली की तारा थरथरतच नाहीत आणि स्नेअर टॉमसारखी वाजते. हा दोष शोधताना लोक तारा बदलतात, पण मूळ कारण स्किनमध्ये असतं.

टॉम वाजवला की स्नेअर आपोआप भुरभुरते, हे थोडं होणारच. जास्त होत असेल तर टॉमचा स्वर थोडा वर-खाली करा, तारा फार सैल नाहीत ना पाहा. किकच्या आत अख्खी गोधडी कोंबू नका. एक लहान उशी, दोन्ही स्किनना जेमतेम टेकलेली, पुरेशी असते. जास्त भरलं की किकचा ठोका पुठ्ठ्यासारखा येतो आणि तुम्ही पाय अजून जोरात मारू लागता.

किक पळते, पाठ दुखते

मांडवाच्या फळ्यांवर किक हळूहळू पुढे सरकते. सतरंजी टाकली तर सतरंजीसकट सरकते. खाली रबरी मॅट टाका, किकचे पुढचे दोन्ही पाय बाहेर वळवा, त्यांची टोकं मॅटमध्ये रुतू द्या आणि स्टूलही त्याच मॅटवर ठेवा, म्हणजे तुमच्या वजनाने मॅट जागची हलत नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवू नका. तिची उंची बदलत नाही आणि हाताचे दांडे कोपराला अडतात. फिरणारा स्टूल घ्या. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील इतकी उंची ठेवा. डबल पेडलची घाई नको. एका चांगल्या सिंगल पेडलची स्प्रिंग आणि बीटरचा (किकवर आपटणाऱ्या दांड्याचा) कोन जुळवता आला, पायाला सोळा मात्रा सारख्या वजनाने वाजवता आल्या, की मग बघू.

काठ्या ५ए या मध्यम जाडीच्या मापापासून सुरू करा. काचेवर घरंगळवून सरळ आहेत का पाहा आणि जोडीतल्या दोन्हींचं वजन हातात तोलून घ्या. २बी सारख्या जाड काठ्या स्वस्त सिम्बलच्या कडा लवकर खातात.

ऊन, दव आणि चिंच

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत किट ठेवला, तर शेलवरचं रंगीत आवरण कडांना सुटतं आणि स्किन ढिली पडते. कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर किट सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवून मगच ट्यून करा. प्रवासाच्या हादऱ्यांनी रॉडही सैल होतात, ते त्याच वेळी तपासा. हिवाळ्यात रात्रभराच्या नाटकानंतर सिम्बलवर दव बसतं. तसाच पिशवीत घातला तर हिरवट डाग पडतात, म्हणून आधी कोरड्या कापडाने पुसा. पिशव्या जमिनीवर ठेवू नका. उंदीर फेल्ट आणि कापड दोन्ही कुरतडतात.

सिम्बल चमकवायला चिंच, राख किंवा तांब्याची भांडी घासायची पावडर वापरू नका. वरचा पारदर्शक थर जातो, शिक्का पुसला जातो आणि बारीक रेषांत पावडर अडकून बसते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, आणि रेषांच्या दिशेने गोल पुसणं. लगेच कोरडं करा.

ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) घेऊ नका असं नाही. अनेक स्टेजवर आज त्याच्याशिवाय भागत नाही. पण शिकणं फक्त त्यावरच झालं, तर हाय-हॅटचा डावा पाय आणि किकचा उजवा पाय दोन्ही कच्चे राहतात. घेतलाच तर जनरेटरच्या कमी-जास्त दाबापासून वाचवायला तो यूपीएसवर चालवा.

गाडीत एक लहान डबा कायम ठेवा: दोन चाव्या, सिम्बलच्या सहा फेल्ट, चार नळ्या, चार विंग नट, हाय-हॅटचा एक जादा क्लच (वरचं पातं धरणारा भाग), पेडलची एक स्प्रिंग, स्नेअरच्या तारांसाठी नायलॉनची दोरी, स्नेअरची वरची एक जादा स्किन, कापडी चिकटपट्टी, आणि कानात घालायचे फोमचे बोळे. हे बोळे सरावाच्या वेळीही घाला, विशेषतः खोली बंद असेल तेव्हा.