गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय? आधी लेखी एस्टिमेट हातात घ्या

मिरजेतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर मी काम करते. अपघात झाला, छातीत कळ आली, तर भाव विचारत बसायचं नसतं. सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठायचं. गुडघा बदलायचा असेल तर मात्र पंधरा दिवस पुढे-मागे झाले म्हणून काही बिघडत नाही. ते दिवस चौकशीला द्या. पेशंट बेडवर गेला की घरच्यांना पैशाचं बोलवत नाही, आणि दुसरीकडे हलवायची हिंमतही राहत नाही. तुमच्या हातात जे काही आहे, ते ॲडमिट होण्याआधीच.

किमान दोन ठिकाणांहून एस्टिमेट घ्या, तेही लेखी. ‘दोन-अडीच लाख धरून चला’ याला मी एस्टिमेट म्हणत नाही. एक गुडघा की दोन, किती दिवस, आधीच्या तपासण्या, औषधं, फिजिओथेरपी पॅकेजमध्ये आहे की वेगळी, आयसीयूत एक दिवस ठेवावं लागलं तर किती, हे कागदावर येऊ द्या. संकोच करू नका. जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं खाजगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. दिसलं नाही तर ‘दरपत्रक कुठे लावलंय?’ असं रिसेप्शनला सरळ विचारा.

आता खोलीचं. लोकांना वाटतं, जनरल वॉर्डऐवजी प्रायव्हेट रूम घेतली तर फक्त खोलीभाडं वाढेल. बहुतेक ठिकाणी सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचे चार्जेस, रोजची व्हिजिट, सगळं खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतं. सर्जन तोच, टेबल तेच, तरी आकडा वेगळा. विमा असेल तर आणखी एक फटका बसतो. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा 4,000 रुपये आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली. प्रमाणशीर कपातीची अट असेल तर कंपनी वरचे 4,000 कापून थांबत नाही, खोलीशी जोडलेले चार्जेसही निम्म्यावर आणते. हे चार्जेस 1,20,000 झाले असतील तर त्यातले 60,000 तुमच्या खिशातून. औषधं आणि इम्प्लांट, म्हणजे बसवायचा कृत्रिम सांधा, या कपातीत धरत नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी हे कळल्यावर माणसं काउंटरला धरून उभी राहतात, मला बघवत नाही. म्हणून खोली निवडायच्या आधी पॉलिसी घेऊन टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याचं काम बघणाऱ्या काउंटरवर जा आणि ‘माझी खोलीची मर्यादा किती?’ एवढं विचारा.

इम्प्लांटच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. ऑगस्ट 2017 मध्ये ती लागू झाली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याला जीएसटी सोडून 54,720 रुपये ठरले. पुढे आकडे बदलत गेले. मर्यादा फक्त इम्प्लांटवर आहे, ऑपरेशनच्या बाकीच्या चार्जेसवर नाही. त्यामुळे दोन रुग्णालयांची तुलना करताना नुसती इम्प्लांटची किंमत पाहू नका, शेवटची बेरीज पाहा. महागडा प्रकार सुचवला तर माझ्या वयाला, माझ्या हाडाला त्याचा नेमका काय फायदा, हे डॉक्टरांनाच विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

औषधं रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नसते. नंतर घरी घ्यायच्या गोळ्यांची चिठ्ठी जनऔषधी केंद्रात दाखवा, फरक तिथेच कळेल.

पैशाची ओढाताण असेल तर कर्ज काढण्याआधी दोन दारं वाजवा. पहिलं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै 2024 पासून तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे आणि रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं चालतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून तुमचं ऑपरेशन कुठे बसतं ते त्यालाच विचारा. दुसरं दार धर्मादाय रुग्णालयाचं. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आधीच काढून ठेवा, आणि ॲडमिट होतानाच तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. बिल तयार झाल्यावर धावपळ केली तर फार अवघड जातं.

डिस्चार्जला एकगठ्ठा रक्कम लिहिलेला कागद घेऊ नका, बाबवार बिल मागा आणि एस्टिमेटशेजारी ठेवून वाचा. कॅशलेस असेल, म्हणजे विमा कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देणार असेल, तर रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यावर विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची असते. उशीर झाला तर टीपीए डेस्कला बिल किती वाजता पाठवलं ते विचारा. इम्प्लांटच्या खोक्यावरचे कंपनी, साइज आणि बॅच नंबरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले आहेत ना, तेही बघा. पुढेमागे तो गुडघा पुन्हा उघडायची वेळ आली तर सर्जन आधी तेच मागेल.