पुण्यात राहून प्रोफेशनल एमएमए फायटर व्हायचंय? मग पहिल्या फाईटची घाई सोडा

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा, कुस्ती आणि जमिनीवरच्या पकडी सगळं चालतं असा खेळ. त्यात जो तो येतो त्याला पहिली फाईट हवी असते. तीन महिने जिम झाली, पॅडवर चार कॉम्बिनेशन बसली की लगेच "सर, कुठल्या शोमध्ये लावताय?" सुरू होतं. मी इथे पोरापोरींना ट्रेन करतो, फाईटच्या वेळी सूचना द्यायला त्यांच्या कॉर्नरला उभा राहतो, आणि सगळ्यांना एकच गोष्ट परत परत सांगतो की प्रो फाईट जितकी उशिरा घ्याल तितकं करिअर लांब चालेल. कारण साधं आहे, अमॅच्युअरमधल्या (हौशी फाईटमधल्या) हारजितीकडे पुढे कोणी फारसं बघत नाही पण प्रो रेकॉर्ड शेरडॉग आणि टॅपॉलॉजी या फायटरांचे रेकॉर्ड ठेवणाऱ्या वेबसाइटवर कायमचं चढतं, आणि उद्या दुबई किंवा सिंगापूरचा प्रमोटर तुमचा हायलाइट व्हिडिओ बघायच्या आधी तेच उघडून बघणार. तिथे सुरुवातीलाच तीन हार दिसल्या तर फोन येतो तो त्यांच्या चांगल्या पोराला सोपी फाईट द्यायला म्हणून, आणि एकदा तसल्या यादीत गेलात की बाहेर पडायला वर्षं जातात.

मग आधी काय करायचं? बेस, म्हणजे एक पक्की मूळ कला. यूएफसी (एमएमएची सगळ्यात मोठी अमेरिकन स्पर्धा) १९९३ साली सुरू झालं तेव्हा एक-एक कला येणारी माणसं एकमेकांसमोर उभी केली होती, आता सगळ्यांना सगळं यावं लागतं, पण तरी एक गोष्ट अशी पाहिजे की जी तुम्ही झोपेत पण कराल. आणि पुण्यात असाल तर ती गोष्ट दाराशी आहे हो. पेठांमधल्या जुन्या तालमी आहेत, कात्रजला मामासाहेब मोहोळ कुस्ती संकुल आहे, बालेवाडीला क्रीडा संकुल आहे. वय चौदा-पंधरा असेल तर माझा सरळ सल्ला, एमएमए जिमच्या फीमध्ये पैसे घालू नका, दोन-तीन वर्षं वस्तादाच्या हाताखाली काढा. जोर, बैठका, सपाटे, रोजची लढत, मान आणि पकड जी तयार होते ती नंतर कुठल्या मशीनवर होत नाही. फाईट उभ्याने चालणार का खाली जाणार हे ज्याला ठरवता येतं त्याचं निम्मं काम झालेलं असतं, आणि ते कुस्तीवाल्याला येतं.

दुसरं एक व्यवहाराचं कारण आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात कुस्ती, बॉक्सिंग, ज्युडो यातल्या सर्टिफिकेटला किंमत आहे, एमएमएच्या मेडलवर त्यासाठी विसंबून राहू नका. घरचे जेव्हा विचारतात ना की यात पुढे काय, तेव्हा शालेय किंवा राज्य स्पर्धेतलं एक सर्टिफिकेट हातात असलं की बोलणं सोपं जातं.

पण मातीतून आलेल्या पोराला काही सवयी मोडाव्या लागतात आणि हे मी जरा सविस्तर लिहितो कारण पुण्यातल्या पोरांचं इथेच अडतं. पहिली सवय पालथं होण्याची. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, खेळ खल्लास, त्यामुळे पैलवान खाली गेला की आपोआप पोटावर वळतो, ते अंगात इतकं मुरलेलं असतं की विचार करायला वेळच लागत नाही. एमएमएत पालथे झालात की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय आत घालतो आणि मागून गळा आवळतो, म्हणजे रिअर नेकेड चोक लावतो, झालं. त्यामुळे पाठीवर पडून लढायला शिका, गार्ड (पाठीवर पडून पायांनी समोरच्याला अडवणं) म्हणजे काय, कंबर कशी सरकवायची, केजच्या (लढतात त्या पिंजऱ्याच्या) जाळीला पाठ लावून कसं उठायचं. जिउ जित्सूचे (जमिनीवरच्या पकडींची कला) पहिले सहा महिने फक्त एवढ्यावर घातले तरी चालतील, उड्या मारून लावायचे सबमिशन (हार मानायला लावणारे डाव) नंतर बघू. दुसरी सवय, पट काढताना (समोरच्याचे पाय धरून पाडताना) मुंडी खाली आणि बाहेर ठेवायची. कुस्तीत तिथे गळा आवळत नाहीत म्हणून चालून जातं, इथे गिलोटिन बसतं, म्हणजे समोरचा मान काखेत धरून गळा आवळतो. २०१७ साली शांघायला भारत खंडारे यूएफसीत लढणारा पहिला भारतीय ठरला, समोर सोंग यादोंग होता, आणि ती फाईट भारत पहिल्याच राउंडला गिलोटिनवर हरला. तो व्हिडिओ मी पोरांना दाखवतो, नावं ठेवायला अजिबात नाही, तो माणूस तिथपर्यंत पोचला त्याचा मला अभिमान आहे, पण त्या जागी गळा किती पटकन सापडतो हे डोळ्याने बघावं म्हणून. पट काढताना डोकं आतल्या बाजूला, कानशील त्याच्या बरगडीला चिकटलेलं, नजर वर. आणि तिसरी म्हणजे हात. पैलवान हात खाली सोडून पुढे वाकून उभा राहतो, किकबॉक्सरला त्याच्या तोंडावर गुडघा मारायचं आमंत्रणच ते. त्यासाठी वेगळं बॉक्सिंग करा, नुसतं एमएमएच्या क्लासमधलं पुरत नाही.

जिम निवडताना इन्स्टाग्राम बघू नका, एक संध्याकाळ जाऊन कोपऱ्यात बसा. नवीन पोराला पहिल्याच महिन्यात सीनियरसमोर फुल स्पॅरिंगला (पूर्ण जोराच्या सराव-लढतीला) उभं करतात का ते बघा, करत असतील तर तिथून निघा. जिउ जित्सू शिकवणाऱ्याला बेल्ट कोणी दिला ते विचारा, खरा माणूस लगेच सांगतो, राग येत नाही त्याला. मॅट रोज पुसतात का बघा. पावसाळ्यात पुण्यात काही सुकत नाही, ओल्या मॅटवर नायटा पसरायला वेळ लागत नाही आणि एकाला झाला की अख्ख्या बॅचला होतो, फाईटच्या आठवड्यात अंगावर असा चट्टा दिसला तर डॉक्टर फाईटच रद्द करू शकतात. नखं कापा, घरी जायच्या आधी आंघोळ करा, टॉवेल कोणाचा वापरू नका. मुलींसाठी वेगळं सांगतो, जिथे आधीपासून दोन-तीन मुली नियमित येतात आणि त्यांना मुलांइतकाच मॅटवर वेळ मिळतो अशी जागा शोधा, भले घरापासून लांब असो.

आता स्पॅरिंग. रोज एकमेकांची डोकी फोडली म्हणजे टफ होतो हा समज अजून जात नाही. डोक्याला मार बसतो तो साठत जातो, जिममधला पण मोजला जातो, नुसता केजमधला नाही. यूएफसीचा माजी चॅम्पियन मॅक्स हॉलोवेने जिममधलं स्पॅरिंग सोडल्याचं उघड सांगितलं होतं आणि जानेवारी २०२१ मध्ये कॅल्विन केटरला त्याने ४४५ सिग्निफिकंट स्ट्राइक (मोजण्याजोगे फटके) मारले, यूएफसीचा रेकॉर्ड. सगळ्यांनी तसंच करावं असं मी म्हणत नाही, नवीन माणसाला स्पॅरिंग लागतंच, पण आठवड्यात एकच दिवस जोरात, १६ औंसच्या ग्लोव्हजमध्ये, शिन गार्ड आणि माउथगार्ड घालून, बाकी दिवस हलकं आणि टेक्निकल. ज्या दिवशी डोक्याला लागून चक्कर आली, मळमळलं, उजेड सहन होईना, त्या दिवशी घरी, आणि न्यूरो डॉक्टरने सांगितल्याशिवाय परत कोणाचा हात डोक्याला लागू द्यायचा नाही. माझ्या बॅचमध्ये यावर वाद चालत नाही.

दमसासासाठी पुण्यात फार काही शोधायला नको. पर्वतीच्या पायऱ्या, तळजाई, वेताळ टेकडी. सिंहगड रविवारी चढा, पण गड चढला म्हणजे राउंड काढता येतो असं नाही, ५ मिनिटं कोणाला तरी जाळीला दाबून धरणं हा वेगळाच दम आहे, तो मॅटवरच येतो. उतरताना पळू नका, गुडघे जातात.

खाण्यावर जास्त लिहीत नाही. अंडी, चणे, दूध, दही, शेंगदाणे, भाकरी, परवडत असेल तर चिकन, एवढ्यात भागतं. तालमीतली खुराक म्हणजे बदामाची थंडाई आणि वाटीने तूप, ती मातीतल्या हेवी पैलवानासाठी ठीक, ६५ किलोत लढणाऱ्याने तुपाचा हात आवरता घ्यावा. डब्याच्या बाहेर काय लिहिलंय यावर विश्वास ठेवून सप्लिमेंट घेऊ नका, आणि जिममधल्या कोणी दिलेलं इंजेक्शन तर मुळीच नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकून घेत नाही.

वजन. लाइटवेट ७०.३, फेदरवेट ६५.८, बॅन्टमवेट ६१.२, फ्लायवेट ५६.७ किलो, मुलींसाठी स्ट्रॉवेट ५२.२. प्रोमध्ये वजन सहसा आदल्या दिवशी होतं म्हणून लोक पाणी तोडून (पाणी पिणं बंद करून, घाम काढून) पाच-सात किलो उतरवतात आणि रात्रीत परत भरतात. २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मोठ्या स्पर्धेच्या मनिलातल्या शोआधी यांग जियानबिंग नावाचा २१ वर्षांचा चिनी फायटर वजन उतरवताना गेला, त्यानंतर वनने पाणी तोडून वजन करण्यावर बंदी आणली आणि शरीरात पाणी किती आहे याची टेस्ट सुरू केली. तुम्ही अमॅच्युअर असाल तर पाणी तोडायचा विषयच काढू नका, रोज ज्या वजनाला फिरता त्याच्या जवळच्याच गटात खेळा, हरलात तर हरलात. प्रो झाल्यावर सुद्धा आठ आठवडे आधी जेवणातून उतरवा, शेवटच्या दिवसाला दोन-तीन किलोपेक्षा जास्त ठेवू नका आणि सॉना किंवा गरम पाण्याच्या टबात एकटे कधीच बसू नका.

अमॅच्युअर किती खेळायचं? माझ्या मते आठ-दहा फाईट तरी. आंतरराष्ट्रीय अमॅच्युअर नियमात ३-३ मिनिटांचे राउंड असतात, शिन गार्ड असतो, कोपर मारायला बंदी असते. शिकायला याहून चांगली जागा नाही. त्या आठ-दहात एखादा रेसलर, एखादा किकबॉक्सर, एखादा लांब हाताचा असा वेगवेगळा माणूस समोर आला पाहिजे, आणि एखादी हार पण झालेली बरी, हरल्यावर सोमवारी तो पोरगा मॅटवर येतो का नाही ते मला बघायचं असतं.

प्रो म्हणजे ५ मिनिटांचे ३ राउंड, ४ औंसचे ग्लोव्हज, कोपर चालू. आपल्याकडे २०१९ पासून मॅट्रिक्स फाईट नाईट ही प्रो स्पर्धा आहे, पूजा तोमर आणि अंशुल जुबली दोघंही तिथे लढून पुढे गेले. जुबली २०२३ च्या फेब्रुवारीत रोड टू यूएफसी (यूएफसीत प्रवेश देणारी स्पर्धा) जिंकून आत गेला, त्याच ऑक्टोबरला अबूधाबीत तिसऱ्या राउंडला नॉकआउट झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीत १९ सेकंदांत. पूजा आधी वुशूत (चिनी मार्शल आर्ट) खेळायची, जून २०२४ मध्ये स्प्लिट डिसिजनवर (तीनपैकी दोन पंचांच्या मताने) जिंकली आणि यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. वरच्या लेव्हलला उंबरठा ओलांडला की लगेच जुबलीला हरवणाऱ्यांसारखी माणसं समोर येतात, म्हणून मी म्हणतो तयारी खालीच पूर्ण करा.

कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या आधी घरी आणा, ओळखीच्या वकिलाला दाखवा. त्यात किती फाईट आणि किती महिने अडकताय, दुसरीकडे लढता येतं का, प्रमोटरने फाईट दिलीच नाही तर काय, दुखापतीचा दवाखाना कोण भरणार, ब्लड टेस्टचा आणि कॉर्नरच्या माणसाच्या तिकिटाचा खर्च कोणाचा, हे सगळं वाचा. पैसे बहुतेक वेळा दोन तुकड्यात असतात, लढल्याचे वेगळे आणि जिंकल्याचे वेगळे, त्यामुळे हिशोब करताना फक्त पहिला तुकडा धरा. त्यातून मॅनेजरचे १० ते २० टक्के जातात, कोचचे जातात, फिजिओ आणि कॅम्पचं खाणं जातं. वर्षाला दोन किंवा फार तर तीन फाईट होतात. म्हणून नोकरी किंवा क्लास सोडू नका. सकाळी सहाची मुलांची बॅच घ्या, पर्सनल ट्रेनिंग करा, डिग्री पूर्ण करा, पुण्यात शिकायला येणाऱ्यांची कमी नाही. आणि मेडिक्लेम पॉलिसी नीट वाचा, बऱ्याच पॉलिसीत प्रोफेशनल खेळातली दुखापत बसत नाही.

अमेरिकेत राज्याचं अॅथलेटिक कमिशन असतं, नॉकआउट झालेल्याला ते ठराविक दिवस लढूच देत नाही. आपल्याकडे तसं कोणी अडवणारं नाही, म्हणून तो नियम स्वतःच पाळायचा. नॉकआउटनंतर निदान दोन महिने डोक्याला मार नाही आणि तीन महिन्यांच्या आत फाईट नाही, प्रमोटर कितीही गोड बोलला तरी. पंधरा दिवसांवर आलेली शॉर्ट नोटिस फाईट पहिल्या पाचात घेऊ नका, वजनही नीट उतरत नाही आणि समोरच्याचा अभ्यासही होत नाही.

शेवटचं कागदपत्रांचं. एक फाईल करा, त्यात पासपोर्ट, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी चे ताजे रिपोर्ट, डोळ्यांची तपासणी, आणि पहिल्या प्रो फाईटच्या आधी एकदा काढलेला डोक्याचा एमआरआय, म्हणजे पुढे काही झालं तर डॉक्टरला आधीचं काहीतरी समोर ठेवून बघता येतं. आणि नाव पहिल्या अमॅच्युअर फॉर्मपासून पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने लिहा, नाहीतर रेकॉर्ड दोन प्रोफाइलमध्ये विभागलं जातं आणि ते एकत्र करून घ्यायला ईमेल लिहीत बसावं लागतं.