माझा कॅटॅलिस्ट सेलाइटवर राहिला होता

जर्मनीत पीएचडीच्या पहिल्या वर्षी, सात महिने, मी जे कॅटॅलिस्ट म्हणून जपत होते ते कॅटॅलिस्ट नव्हतंच. खरं कॅटॅलिस्ट म्हणजे हायड्राइड (धातूला हायड्रोजन जोडलेलं संयुग), ते मी दर वेळी सेलाइटवर (गाळण्याच्या पावडरीवर) गाळून टाकत होते.

रसायनशास्त्रज्ञ हार्डर यांच्या गटानं 2006 मध्ये विरघळणारं कॅल्शियम हायड्राइड केलं आणि 2008 मध्ये 20 बार हायड्रोजनखाली अल्कीनचं हायड्रोजनेशन (दुहेरी बंधात हायड्रोजन घालणं) दाखवलं, हे तुम्ही वाचलं असेलच. त्यांच्या नॅकनॅक लिगंडवर (लिगंड म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, नॅकनॅक दोन नायट्रोजननं धरतो) डायआयसोप्रोपिलफिनिल हे थोराड गट होते. मी त्याहून लहान मेसिटिल लावले. अल्कीनला शिरायला जागा हवी, तर लिगंड लहान बरा, ही माझी अक्कल.

कॅल्शियम आयन मॅग्नेशियमपेक्षा बराच मोठा (1.00 विरुद्ध 0.72 अँगस्ट्रॉम) आणि बंध आयनिक. लिगंडचं कुंपण तोकडं पडलं की अदलाबदल सुरू होते: दोन लिगंड एकाच कॅल्शियमवर जाऊन बसतात आणि उरलेल्या हायड्राइडचं साधं कॅल्शियम हायड्राइड होऊन खाली बसतं. तेच, जे आपण सॉल्व्हंट वाळवायला वापरतो! या अदलाबदलीला श्लेंक समतोल म्हणतात, परीक्षेत तो मी पानभर लिहिला होता. फ्लास्कमध्ये समोर घडताना ओळखला नाही.

हायड्राइड बनवायला फिनिलसिलेन घातलं की पांढरा साका यायचा. गाळायचे. एनएमआरला (रेणूतले हायड्रोजन पीकच्या रूपात दाखवणारी चाचणी) लिगंडचे पीक आरशासारखे स्वच्छ. हायड्राइडचा सिंग्लेट (एकेरी पीक) साडेचार पीपीएमच्या आसपास हवा, तो नाही. लिगंडच्या बॅकबोनमधल्या सीएचच्या पीकखाली दडला असेल, अशी समजूत घातली. इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ, म्हणजे हायड्रोजनची मोजदाद) घेतलं नाही. गाइड म्हणाले, "पीक छान आहेत, पुढे चला." गाइडला पीक दाखवू नका, इंटिग्रेशन दाखवा.

एके दिवशी सेलाइटवर आयसोप्रोपॅनॉल ओतलं तर ते सोड्यासारखं फसफसलं: हायड्राइड अल्कोहोलला भिडलं की हायड्रोजन सुटतो. तेव्हा कळलं. (कॅटॅलिस्ट तिथल्या तिथे बनवून वापरला असता तर अजूनही कळलं नसतं. 'इन सिटू' हा आळसाला दिलेला सभ्य शब्द आहे, असं माझं मत.)

म्हणून लिगंड जितका मोठा तितका बरा, असं मात्र समजू नका. मोठा लिगंड आधी कॅटॅलिस्ट जिवंत ठेवतो. वेगाची गोष्ट नंतर. त्यात टीएचएफ हे कॅल्शियमला चिकटणारं सॉल्व्हंटही जागा अडवतं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या हिल गटानं 2017 मध्ये टीएचएफ नसलेलं हायड्राइड घेतलं, तर 1-हेक्सीनसारखं साधं अल्कीनही त्यात शिरलं, आणि तयार झालेल्या अल्किल कॅल्शियमनं पुढे बेन्झीनवरच हल्ला केला. तेव्हा लिगंड बदलताना टीएचएफही बदललंत तर फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि 60 अंशांवर रात्रभर ठेवलेलं सी6डी6 (एनएमआरसाठीचं ड्युटेरियमवालं बेन्झीन) निव्वळ सॉल्व्हंट राहील याची खात्री धरू नका.

घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. त्या दोन लिगंडवाल्या निरुपयोगी संयुगाचे स्फटिक फार सुरेख आले. थिसिसच्या परिशिष्टात आहेत.