कबड्डी संघासाठी ससाण्याचा मुखवटा

साताऱ्यातल्या कॉलेजला कबड्डी संघाचा शुभंकर म्हणून शिकारी पक्षी हवा असेल, तर सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा घ्यावा. त्याची झडप चढाईला शोभते. पण मुखवटा ससाण्याचाच दिसला पाहिजे, आणि बहुतेकांचं इथंच चुकतं. पिवळे डोळे रंगवले की गरुड होतो. ससाण्याचा डोळा गडद तपकिरी, भोवती पिवळी कड. डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा, वरच्या चोचीच्या कडेला टोकाजवळ दातासारखं टोक, पोट तांबूस. खरी पिसं लावू नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

आत सायकलचं हेल्मेट, त्यावर १० मिमी ईव्हीए फोम (चपलांच्या तळव्याला असतो तसा). चोचीला ६ मिमी पुरतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून डोक्यावर बसवून बघा. रबर सोल्यूशन दोन्ही कडांना लावून दहाएक मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असतानाच जोडलं तर पहिल्याच उडीत चोच सुटते. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा, वास डोक्यात जातो.

बघण्याची फट चोचीत ठेवा आणि तिला काळी जाळी लावा. ससाण्याच्या डोळ्यांतून बघायची सोय केली तर पायाखालचं दिसत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला हवेला दोन भोकं हवीतच. वजन दीड किलोच्या आत ठेवा. फेल्टची पिसं खालच्या ओळीपासून वर लावत जा, कौलांसारखी, म्हणजे शिलाई झाकते. पंखांत बांबूच्या काड्या नकोत. गर्दीत कुणाच्या तरी डोळ्यात जातील.

मैदानावरचा नियम सगळ्यात महत्त्वाचा: चढाई सुरू झाली की हलगी बंद, ससाणा जागच्या जागी. चढाईपटूचा ‘कबड्डी कबड्डी’चा दम पंचांना ऐकू आला पाहिजे, आपल्याच गोंगाटात आपलीच चढाई जाऊ शकते. गुण मिळाला की हलगी कडाडू दे. तीस सेकंदांच्या टाइम-आउटला छोटी घोषणा, मध्यंतराच्या पाच मिनिटांत प्रेक्षकांमध्ये फेरी. समोरच्या संघाची नक्कल करायची नाही. सामन्याआधी ससाण्यानं त्यांच्या कर्णधाराशी हात मिळवावा. पोरांना प्रतिस्पर्ध्याचा मान ठेवायची सवय अशीच लागते.

आत असलेल्याला बाजूचं दिसत नाही, म्हणून एक सोबती कायम जवळ हवा. पंधरा मिनिटांनी मुखवटा उतरवून पाणी पाजायचं, उन्हात त्याआधीच. सामन्यानंतर आतलं अस्तर काढून धुवा आणि मुखवटा सावलीत वाळवा. बंद गाडीत उन्हात राहिला तर फोम मऊ पडून चोच वाकते.