शहरातून कोकणात राहायला येताय? आधी कपड्यांचं बघा

आम्ही ठाण्याहून दापोली तालुक्यातल्या गावात कायमचे राहायला आलो त्याला आता सहा वर्षं होतील. दर मे महिन्यात कोणी ना कोणी मैत्रीण फोन करते, आम्ही पण येतोय गं, काय काय आणू? आणि मी पाण्याचं, नेटचं सांगायच्या आधी कपड्यांचं सांगायला लागते, कारण पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला होता. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, येताना नवीन काहीही विकत घेऊ नका. एक अख्खा पावसाळा इथे काढा, शेजारणी काय घालतात ते बघा, मग घ्या. मी येताना दुकानातून ट्रेकिंगच्या पँटी, भारीतला रेनकोट, घोट्यापर्यंतचे बूट असं बरंच घेऊन आले होते, त्यातलं आज काहीच वापरात नाही. जीन्स एखाद-दुसरीच ठेवा. पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडे तीन हजाराच्या वर, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, त्यामुळे जुलैत धुतलेली जीन्स चार-चार दिवस वाळत नाही आणि वाळली तरी कुबट वास जात नाही. पातळ सुती कपडे किंवा ते साधं सिंथेटिक मिक्स कापड असतं ना ते बरं, पडवीत दोरीवर टाकलं की दुसऱ्या दिवशी घालण्याजोगं होतं. आतले कपडे मात्र शहरात लागायचे त्याच्या दुप्पट हवेत, ओलसर आतले कपडे घालून मांड्यांना नायटा झाला की महिनोन्महिने जात नाही, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

रोजच्या कामाला बायका काय घालतात माहितीये? गाऊन किंवा साडी, आणि त्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. डोक्याला टॉवेल नाहीतर ओढणी घट्ट बांधलेली. आल्या आल्या मला ते विचित्र वाटलं होतं, पण आता मी सांगते की याच्याइतका डोकं लावून केलेला पोशाख नाही. बाही मनगटापर्यंत येते म्हणून गवताने हात कापत नाहीत, कॉलरमुळे मान उन्हात भाजत नाही, पुढची बटणं उघडी ठेवली की वारा लागतो, आणि खिशात काडेपेटी, मोबाइल, लाकडं बांधायची सुतळी सगळं मावतं. मी आता सलवारीवर असाच शर्ट घालते. घरातले पुरुषांचे जुने ऑफिसचे शर्ट अजिबात देऊन टाकू नका, शहरातून आणण्यासारखी सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे.

लेगिंग मात्र नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत वाळलं की कुसळं सुटतात, ती अंगाला चिकटून बसणाऱ्या कापडात सुईसारखी आरपार घुसतात आणि चालताना टोचत राहतात. सैल, घट्ट विणीचं, गुळगुळीत कापड असेल तर हाताने झटकून निघतात. लोकरीचं आणि होजियरीचं काहीही घालून गवतात जाऊ नका.

आणि खाजकुइरी! फेब्रुवारीच्या सुमाराला तिच्या शेंगा वाळतात आणि त्यावरची तांबूस लव वाऱ्याने उडते. पहिल्या वर्षी मी धुतलेले कपडे मागच्या कुंपणावर वाळत घातले, तिथे वेल चढलेला होता हे मला कळलंच नाही. संध्याकाळी मुलीने तिचा फ्रॉक घातला आणि पाच मिनिटांत ती रडत खाजवायला लागली, मी तिला खाजवू नको म्हणत गरम पाणी ओतत होते आणि पोर आणखीच ओरडत होती. शेजारच्या काकी धावत आल्या, म्हणाल्या, "गो बाय, पाणी नको घालू, चोळू नको." त्यांनी ओलं शेण आणून पोरीच्या हातापायाला थापलं, वाळू दिलं आणि मग हळूच पापुद्र्यासारखं काढलं, लव त्याला चिकटून आली. नंतर मला कळलं की चिकटपट्टी लावून ओढली तरी तेच होतं, आता घरात एक रोल कायम असतो. तर कपडे वाळत घालायची जागा आधी नीट बघून घ्या, त्या अंगाला खाजकुइरी दिसली तर हिरवी असतानाच उपटून टाका.

पायातलं हा मोठा विषय आहे. पावसात चिऱ्याच्या पायऱ्या आणि कातळ शेवाळाने असे होतात की गुळगुळीत तळाची रबरी चप्पल म्हणजे कंबर मोडायचं काम. तळाला खाचा असलेले प्लॅस्टिकचे बूट बाजारात मिळतात, मजूर तेच घालतात, ते घ्या. कातड्याची चप्पल जून लागला की पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, नाहीतर आठ दिवसांत हिरवी बुरशी चढते. बेल्ट आणि पर्सचं पण तेच.

रात्री घराबाहेर पाऊल टाकायचं तर गमबूट आणि बॅटरी, मग ते गोठ्यापर्यंत का असेना. आमच्याकडे फुरसं हा विषारी साप खूप. हातभर सुद्धा नसतं, मातीच्या रंगाचं, दगडाशेजारी पडलेलं असलं तर दिसत नाही, आणि चावतं ते बहुतेक घोट्याच्या खालीच. घोणस, मण्यार, नाग पण आहेतच. तीन-चारशे रुपयांचा गमबूट आपल्याला तेवढ्यात वाचवतो, यात काटकसर करू नका, घरात माणशी एक जोड पाहिजे. आणि घालायच्या आधी दरवेळी उलटा करून आपटायचा, विंचू आत जाऊन बसतो. आमच्या लाल विंचवाने पूर्वी कितीतरी माणसं, मुलं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली तेव्हापासून माणसं वाचायला लागली. तरी औषध आहे म्हणून बूट न झटकता पाय घालू नका, आणि विंचू चावलाच तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठा.

गमबूट घालून भाताच्या लावणीला मात्र उतरू नका. मी उतरले होते. चिखलात पाय रुतला तो बूट तिथेच राहिला आणि मी पुढे पडले, हातातला रोपांचा मूठभर जुडगा पाण्यात. लावणी अनवाणीच करतात. पण पायाला भेग, जखम काही असेल तर त्या दिवशी बांधावरची कामं मागून घ्या, लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून येणारा ताप, अशाच जखमेतून होतो, लावणीच्या दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा. घरी आलं की पाय साबणाने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या आणि खोबरेल लावायचं, नाहीतर चिखल्या होतात, मग चालता येत नाही. ओले मोजे घालून बसणं तर अजिबातच नको.

रेनकोटचं सांगते. बाजारात भाजी आणायला, स्कूटरवर ठीक आहे, पण वाकून काम करताना आत घामाने माणूस पावसापेक्षा जास्त भिजतो. लावणीला अजूनही इरलं नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ. बांबूच्या कामट्यांवर पानं किंवा आता प्लॅस्टिक बसवलेलं इरलं डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकतं, पुढून सगळं मोकळं, हात दोन्ही मोकळे. जवळच्या आठवडा बाजारात मे अखेरीला मिळतं, तेव्हाच घ्या.

काजू-आंब्याच्या सीझनला, म्हणजे मार्च ते मे, कपड्यांचा एक जोड वेगळा काढून ठेवा, तो फक्त त्यालाच. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस कापडाला लागला की दिसत नाही, धुतल्यावर तपकिरी डाग उठतो तो मरेपर्यंत जात नाही. ओल्या काजूचा आणि आंब्याचा चीक तर कातडी भाजतो, म्हणून बाह्या खाली, हाताला आधी खोबरेल, आणि आंबा देठाकडून तोंडासमोर धरायचा नाही. पांढरे कपडे तांबड्या मातीत दोन धुण्यांत गुलाबी होतात, तो रंग निघेल या आशेने साबण घासत बसू नका.

बाहेर जाताना काय घालायचं हा प्रश्न मला मुलींकडून बराच येतो. शॉर्ट्स घातली तर कोणी तोंडावर बोलत नाही, पण मग ग्रामसभेत आपण काही मुद्दा मांडला की तो ऐकायच्या आधी आपल्याकडे बघितलं जातं. मला माझं म्हणणं ऐकलं जावं असं वाटत होतं, म्हणून मी पहिली दोन वर्षं पंजाबी ड्रेस आणि ओढणीच घातली, आता गावाने मला ओळखल्यावर घरी ट्रॅक पँटवर असते आणि कोणाला काही वाटत नाही. घाई करू नका एवढंच. गणपतीत रोज वाडीतल्या घराघरात आरतीला जायचं असतं, शिमग्यात पालखी दारात येते, त्याला दोन बऱ्या सुती साड्या आणि पुरुषांना लेंगा-झब्बा पुरे. भारी सिल्कच्या साड्या आईकडे शहरातच ठेवा, इथल्या दमट हवेत जरीचे काठ काळे पडतात.

आणि जुन्या मऊ झालेल्या सुती साड्या टाकायच्या असतील तर टाकू नका, सगळ्या घेऊन या. जानेवारीत पहाटे इथे चांगलीच थंडी पडते, काकी दुपारी पडवीत बसून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतात, चार साड्यांची एक होते, पाचवी वरून घालायला लागते.