पाच वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी: पावसाळ्यानंतर ब्रेक कसे तपासायचे

इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनरेटर होते आणि गाडी आवरते. त्यामुळे ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (लोखंडी चकतीला) जेमतेम टेकतात. म्हणून पॅड वर्षानुवर्षं जाड दिसतात आणि सर्व्हिसिंगला 'ब्रेक ओके' असा शेरा पडतो. पण या गाड्यांचे ब्रेक झिजण्याआधी गंजतात. टाटाच्या सुरुवातीच्या नेक्सॉन ईव्ही किंवा टिगोर ईव्हीसारखी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम (डब्यासारखा बंद ब्रेक) असलेली गाडी मुंबईत किंवा कोकण-गोव्यात उघड्यावर उभी राहत असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. दरवर्षी पावसाळा संपला की चारही चाकं उतरवून बघा.

जॅक फक्त गाडीच्या माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. पोटाखाली बॅटरी आहे, तिच्या पत्र्यावर भार आला तर नुकसान मोठं होतं. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा, गाडी स्टँडवर टेकवा, उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलला हात लावू नका.

पुढच्या चाकात आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड मोजा. पॅडवरचं घासणारं अस्तर ३ मिमीवर आलं की पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदला. दोन्ही पॅड जाड आहेत, पण एक दुसऱ्यापेक्षा २ मिमी तरी जास्त झिजलाय, असं दिसलं तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना अडकल्यात असं समजा. जुन्या इलेक्ट्रिक गाडीत हा दोष फार आढळतो. कॅलिपर सोडवून तारेने टांगा, ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळू देऊ नका. पिना हाताने सरकल्या पाहिजेत. त्या पुसून, बारीक पॉलिश पेपरने गंज काढून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि काही महिन्यांत पिना पुन्हा जाम होतात. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने खरवडा. पॅड बोटाच्या दाबाने सरकायला हवा. डिस्कवरचा पिवळसर तांबूस थर चार ब्रेकमध्ये निघून जातो. खड्डे किंवा कडेला पापुद्रे असतील, किंवा डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली माप गेलं असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला.

मागचा ड्रम निघत नसेल तर आधी हँडब्रेक सोडा आणि लायनरचं (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं) ॲडजस्टमेंट ढिलं करा, हातोड्याने ठोकत सुटू नका. आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर बोटाने उचलून बघा: आत ओल असेल तर गळती सुरू झाली आहे. ब्रेक ऑइल लागलेले लायनर धुऊन वापरू नयेत.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरड्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात, बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोटर ब्रेक लावत नाही, सगळा भार पॅडवर येतो आणि तिथे हा फरक जाणवतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला. साधारण एक लिटर लागतं, ग्रेड पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर बघा. आणखी एक खूण: पेट्रोल गाडीत पॅड झिजतात तशी टाकीतली ऑइलची पातळी हळूहळू उतरते. इथे पॅड तसेच असून पातळी उतरली, तर ऑइल कुठेतरी गळतंय. वरून ऑइल ओतून वेळ मारून नेऊ नका.

पेडल कडक वाटतंय? बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम देणारा विजेचा पंप ज्या गाड्यांत असतो, तिथे गाडी बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा, मग दाबून धरा आणि गाडी चालू करा. पंपाचा आवाज येऊन पेडल किंचित खाली बसलं पाहिजे. पेडल न दाबताही पंप सारखा चालू-बंद होत असेल तर होज, व्हॉल्व्ह किंवा बूस्टर गळतोय. एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा उगाच लागत असेल तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीत लेड-ॲसिड बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली दिसली तर तिची लोड टेस्ट करून घ्या. तीन-चार वर्षांत ती बहुधा थकतेच.

पुढे गंज धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा, मागे गाडी नाही हे बघून, रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगातून आठ-दहा वेळा जरा जोरात ब्रेक लावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. रीजनची (मोटरने होणाऱ्या ब्रेकिंगची) पातळी बदलता येत असेल तर त्या वेळी ती शून्यावर ठेवा. गाडी धुतल्यावर लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नका, गल्लीत एक फेरी मारून ड्रम वाळवा आणि मगच लावा.